जमिनीखालची तूट

२०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे हे नियम वर्तमानपत्रांत एखादा दिवस झळकले आणि मागे पडले. आपल्या गोव्यात तरी त्यांची चर्चा व्हायला हवी होती. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, चवथ तोंडावर आलेली असताना चिखली-दाबोळी परिसरातल्या विहिरींत आणि शेतांत इंधन उतरल्याच्या तक्रारी आल्या होत्या. बंदराकडून साठवण टाक्यांकडे जाणाऱ्या इंधनवाहिनीची तपासणी झाली, मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावे लागले, धनबादच्या तज्ज्ञांना बोलावण्यात आले. वास येतो हे सगळ्यांत आधी कळले ते तिथे राहणाऱ्या लोकांना. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

चिखलीची गोष्ट मोठ्या वाहिनीची होती, म्हणून तिचा बोभाटा झाला. आम्हाला आज लिहायचे आहे ते त्याहून लहान आणि गुपचूप चालणाऱ्या गोष्टीबद्दल. पेट्रोल पंपाखाली पुरलेल्या टाकीतून होणारी गळती, आणि ती होते आहे की नाही हे शोधायचे कसे, हा आजचा विषय. देशात पेट्रोल पंपांची संख्या एक लाखाच्या घरात गेली आहे. प्रत्येकाखाली दोन-चार टाक्या आहेत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत रस्त्याने जाताना पंपाला लागून घरे दिसतात आणि घरामागे विहीर असते. नळाचे पाणी आले तरी विहीर कोणी बुजवलेली नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत नळ रुसला की तिचीच आठवण होते.

आम्ही बी.कॉम. होऊन बँकेत शिरलो आणि साठीला तिथूनच बाहेर पडलो. भूजलशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण या विषयावर वाचत गेलो तसे लक्षात आले की याचा निम्मा भाग हिशेबाचा आहे. गळती विहिरीत दिसण्याच्या कितीतरी आधी ती पंपाच्या स्टॉक रजिस्टरमध्ये दिसू लागते. आपल्याकडची चौकशी मात्र विहिरीपासून सुरू होते, आणि बहुतेक वेळा रजिस्टरपर्यंत पोचतच नाही.

पंपावर रोज सकाळी डिप घेतात. टाकीत लांब पट्टी सोडायची, इंधन कुठवर आले ते पाहायचे, तक्त्यावरून लिटर काढायचे. पट्टीच्या टोकाला एक लेप लावतात, तळाशी पाणी असेल तर तेवढ्या भागात त्याचा रंग बदलतो. आता बऱ्याच ठिकाणी हे काम टाकीतले यंत्र आपोआप करते. कालची शिल्लक, अधिक टँकरने ओतलेला माल, उणे नोझलमधून गेलेली विक्री, म्हणजे आजची शिल्लक. ही पुस्तकी शिल्लक आणि डिपची शिल्लक कधीच तंतोतंत जुळत नाही. पेट्रोल उडते. थंडीत आकसते, उन्हात फुगते. बारा हजार लिटरचा माल पाच अंशांनी थंड झाला तर पन्नास-साठ लिटर कमी भरतो. पट्टी वाचण्यात मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून थोडी घट-वाढ सगळे जण गृहीत धरतात.

किती गृहीत धरायची, हा प्रश्न आहे. अमेरिकेत यासाठी जुना मासिक नियम आहे: महिन्याभरात टाकीतून गेलेल्या मालाच्या एक टक्का, अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर. फरक याच्या वर गेला तर गळतीचा संशय धरायचा. आता हिशेब करून पाहा. महिन्याला दीड लाख लिटर विकणाऱ्या पंपाला ही मर्यादा जवळजवळ दोन हजार लिटर होते. दोन हजार लिटर गेले तरी नियम तोंड उघडत नाही. उलट, सेकंदाला एक थेंब अशी गळती घेतली तर दिवसाला चार लिटरच्या आसपास जातात, महिन्याला सव्वाशे-दीडशे, वर्षाला दीड हजार लिटर. ही गळती त्या मर्यादेच्या आत वर्षानुवर्षे सुखाने राहू शकते.

इथे बँकेतला एक साधा अनुभव उपयोगी पडतो. कॅशियरच्या हातून कधी पाच रुपये कमी येतात, कधी दहा जास्त. माणूस आहे, चालायचेच. पण एखाद्याचा फरक रोज कमीच येत असेल, मग तो दोन रुपयांचा का असेना, तर व्यवस्थापक खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसतो. खऱ्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. एकाच बाजूला पडणारी चूक ही चूक नसते. पंपाच्या रजिस्टरलाही हेच लावायला हवे: एका महिन्याचा फरक किती, यापेक्षा गेल्या छत्तीस महिन्यांत तो किती वेळा उणे आला आणि किती वेळा अधिक, हे पाहावे. त्यासाठी यंत्र लागत नाही. पेन्सिल पुरते.

आपल्याकडे वजनमाप खात्याचे लोक येतात, पाच लिटरच्या मापात पेट्रोल ओतून नोझल तपासतात, शिक्का मारतात. गिऱ्हाइकाच्या टाकीत किती गेले याची काळजी त्यात घेतली जाते. जमिनीत किती गेले हा त्यांचा विषय नाही. परवाना देते ती पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, पेसो, जिचे मुख्यालय नागपूरला आहे. तिचा मुख्य विषय आग आणि स्फोट. प्रदूषण मंडळाचे काम सुरू होते ते पाणी बिघडल्यावर. तीन खाती, आणि टाकीतल्या तुटीकडे रोजच्या रोज पाहणारा एकच माणूस: पंपाचा मॅनेजर. त्याच्या डोक्यात तूट म्हणजे नोकरांची चोरी किंवा टँकरवाल्याची लबाडी, हे पक्के बसलेले असते. बऱ्याचदा तो बरोबरही असतो, हीच अडचण आहे.

आता गोव्याच्या जमिनीची एक गंमत. गंमत म्हणायची सवय म्हणून म्हटले, तशी ती नाही. आपल्या सखल भागांत पावसाळ्यात भूजल इतके वर येते की विहिरीतले पाणी हात घालून घ्यावे. अशा जागी पुरलेली टाकी जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात बुडालेली असते. तिला भोक असेल तर बाहेरचा दाब जास्त होतो आणि पाणी आत शिरते. मेमध्ये पाणी खाली गेले की त्याच भोकातून पेट्रोल बाहेर पडते. म्हणजे पावसाळ्यात ‘पेट्रोलमध्ये पाणी आले’ म्हणून भांडणारा स्कूटरवाला आणि उन्हाळ्यात ‘विहिरीच्या पाण्याला वास येतो’ म्हणणारी शेजारची बाई, या दोघांची तक्रार एकाच भोकाची असू शकते. पाणी वरच्या झाकणातूनही शिरते, हे खरे. प्रत्येक वेळी टाकीच फुटलेली असते असे नाही. पण स्कूटरवाल्याची तक्रार एका खात्यात जाते आणि बाईची दुसऱ्या, आणि दोन्ही कागद एका टेबलावर येत नाहीत. सकाळच्या डिपला पट्टीवरच्या लेपाचा रंग पावसाळ्यात वारंवार बदलत असेल तर ती नोंद शेजाऱ्यांच्या विहिरीसाठीही पुरावा आहे.

रजिस्टरमधली तूट दुर्लक्षित झाली की काय होते, याचे आम्हाला माहीत असलेले सर्वांत ठसठशीत उदाहरण हवाईचे आहे. आपल्याकडे अशा चौकशांचे अहवाल सहसा लोकांच्या हाती पडत नाहीत. तिथला पडला, म्हणून ते सविस्तर सांगतो.

होनोलुलुजवळ रेड हिल नावाच्या डोंगराच्या पोटात अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात २० प्रचंड टाक्या बांधल्या. एकेक टाकी २५० फूट उंच, १०० फूट रुंद, सव्वा कोटी गॅलन इंधन मावेल एवढी. त्यांच्या तळापासून सुमारे १०० फूट खाली त्या बेटाला पाणी पुरवणारा भूजलसाठा. जानेवारी २०१४ मध्ये पाच नंबरच्या टाकीतून २७ हजार गॅलन इंधन गळाले. ती टाकी नुकतीच दुरुस्त होऊन आली होती. दुरुस्तीचे काम निकृष्ट होते आणि धोक्याच्या इशाऱ्यांकडे वेळेवर लक्ष दिले गेले नाही. त्यानंतर करार झाले, अभ्यास झाले, टाक्या चालू राहिल्या.

६ मे २०२१ रोजी इंधन हलवताना वाल्व उघडण्याचा क्रम चुकला. दाब वाढून नळाचा सांधा निखळला. नौदलाने जाहीर केले की १,६१८ गॅलन सांडले आणि ३८ गॅलन सोडून बाकी सगळे परत मिळाले. प्रत्यक्षात सुमारे २० हजार गॅलन गेले होते. लिटरमध्ये पंचाहत्तर हजार, म्हणजे आपल्या रस्त्यावरचे बारा हजार लिटरचे सहा टँकर. टाक्यांच्या हिशेबात तेवढी तूट दिसत होती. तिचा पाठपुरावा झाला नाही. ते इंधन आग विझवण्याच्या यंत्रणेच्या पंपाने खेचले जाऊन त्या यंत्रणेच्या प्लास्टिकच्या नळात जाऊन बसले होते, आणि तिथे सहा महिने बसून राहिले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम सस्पेन्स खात्यात पडून होती आणि ताळेबंद मात्र जुळल्याचे दाखवले गेले.

२० नोव्हेंबरला बोगद्यातल्या छोट्या गाडीचा डबा त्या नळाच्या वाल्वला धडकला. इंधन बाहेर पडले आणि जवळपास दीड दिवस वाहत राहिले. ते खालच्या निचऱ्यातून नौदलाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोचले. त्या पाण्यावर सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते. आठवड्याभरात घराघरांतून तक्रारी सुरू झाल्या: नळाला रॉकेलसारखा वास येतो, मुलांना उलट्या होतात, अंगावर पुरळ उठते. विहीर बंद केली गेली, तरी पाणी असुरक्षित असल्याची तूर्त कोणतीही खूण नाही, असे रहिवाशांना अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले. २ डिसेंबरला विहिरीत इंधन असल्याचे नौदलानेच मान्य केले. होनोलुलुच्या पाणीपुरवठा मंडळाने आपली जवळची मोठी विहीर खबरदारी म्हणून बंद केली. हजारो कुटुंबे हॉटेलांत हलवावी लागली. मार्च २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी तो साठाच कायमचा बंद करण्याचा हुकूम दिला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने साडेसात हजारांच्या आसपास दावेदारांपैकी नमुना म्हणून निवडलेल्या १७ जणांना मिळून ६ लाख ८० हजार डॉलरांहून थोडी अधिक भरपाई दिली. होनोलुलुच्या पाणीपुरवठा मंडळाची नौदलाकडची मागणी १.२ अब्ज डॉलरांची आहे.

३० जून २०२२ ला प्रसिद्ध झालेला नौदलाचा चौकशी अहवाल आम्हाला एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. मेमधला अपघात आणि नोव्हेंबरमधला अपघात हा एकच व्यवहार होता, हे त्याने दाखवून दिले. मे महिन्यात कोणी त्या २० हजार गॅलनचे काय झाले हे शेवटपर्यंत विचारले असते, तर नळ रिकामा करता आला असता. विहिरीचा प्रश्नच आला नसता. आणि ज्यांच्याजवळ सगळी यंत्रे, प्रयोगशाळा आणि पैसा होता, त्यांच्या आधी धोका ओळखला तो स्वयंपाकघरातल्या नाकाने. चिखलीत काय झाले ते वर लिहिलेच आहे.

नाकावर विसंबूनही चालत नाही, कारण वास येण्याच्या आधीच पाणी पिण्यालायक राहिलेले नसते. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकाने पक्के केले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; अमेरिकेची मर्यादा ५ आहे. आपल्या सध्याच्या पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्क्यापर्यंत चालते. एक लिटर पेट्रोलमध्ये मग ते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरेल. तेवढे सगळे पाण्यात विरघळले असे धरले तर पावणेनऊ लाख लिटर पाणी संघटनेच्या मर्यादेला टेकते. तीन मीटर रुंद आणि चार मीटर पाणी असलेल्या तीस विहिरी. प्रत्यक्षात बरेचसे हवेत उडते, काही मातीला चिकटते, काही जिवाणू खातात. त्यामुळे हा कागदावरचा हिशेब आहे. पण सेकंदाला एक थेंब म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून यावी.

आणि एक गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी. पाणी बिघडले की ‘उकळून प्या’ हा आपला ठरलेला सल्ला. इंधन उतरलेल्या पाण्याला तो लागू नाही. उकळल्यावर बेंझिन पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येते आणि आपण ते पिण्याऐवजी हुंगतो. जंतू मारणारा दिवा बसवलेले घरगुती यंत्रही त्यावर उपाय नाही. असे पाणी वापरायचे नाही, आंघोळीलाही नाही.

प्रत्यक्ष जमिनीतला तपास कसा चालतो, ते थोडक्यात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते मातीच्या फटींतून उतरत भूजलाच्या पृष्ठभागावर येऊन पसरते. त्यातले विरघळणारे घटक पाण्याबरोबर पुढे जातात. पाणी खाली-वर होते तसा तो तवंग मातीच्या मोठ्या जाडीला माखत जातो, आणि आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात ही पातळी काही मीटर हलते. म्हणून आधी मातीतली वाफ मोजतात, मग बोअर मारून वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात, मग निरीक्षणासाठी अरुंद विहिरी घेतात. अशा विहिरी किमान तीन लागतात. दोन ठिकाणची पातळी कळून उतार कळत नाही. तिसरे ठिकाण मिळाले की पाणी कुठल्या दिशेला वाहते ते सांगता येते. एकच बोअर मारून ‘काही सापडले नाही’ असा अहवाल आला, तर तो बोअर पंपाच्या वरच्या बाजूला होता की खालच्या, हे आधी विचारावे.

आपल्या जांभ्या दगडात आणखी एक पेच आहे. जांभा पोकळ्यांनी भरलेला असतो. पाणी त्यात सरळ रेषेत चालत नाही, बिळाबिळांतून जाते. पंपाला चिकटून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन घरे सोडून तिसऱ्याची बिघडलेली, असे होऊ शकते. मग पंपवाला म्हणतो, जवळच्याला नाही तर लांबच्याला कसे? आणि तिसऱ्या घरच्याला गावात वेड्यात काढतात. त्याच्या विहिरीवर पाणी ओढायचे डिझेल इंजिन असेल तर संपलेच; ‘तुझ्याच इंजिनाचे तेल आहे’ हे उत्तर तयार असते. त्याला प्रयोगशाळेत तोड आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांच्या घटकांचा नकाशा वेगवेगळा येतो आणि तज्ज्ञ तो ओळखतो. मात्र नमुना नीट घेतलेला हवा. काचेची बाटली, काठोकाठ भरलेली, बुडबुडासुद्धा नको, लगेच बर्फात, आणि कोणी कधी कोणाच्या हाती दिली याची सहीसकट नोंद. बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचे रजिस्टर असते, तसेच हे. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत अर्धे पाणी भरून दुपारी मामलेदार कचेरीत नेऊन ठेवले, तर संध्याकाळपर्यंत पुरावा उडून गेलेला असतो.

अलीकडे एक नवी भर पडली आहे ती इथेनॉलची. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. साखर कारखाने आणि परकीय चलन या बाजूने त्याची चर्चा भरपूर झाली; गाडीच्या मायलेजवरून भांडणेही झाली. जमिनीखाली काय होते हे कोणी विचारले नाही. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते आणि मातीतले जिवाणू ते आवडीने खातात. ते खाताना भूजलातला प्राणवायू संपतो, आणि बेंझिन खायला काही उरत नाही. परिणामी बेंझिन अधिक काळ टिकते आणि अधिक लांब जाते. पेट्रोलमध्ये काही मिसळताना भूजलाचा विचार न केल्याचा धडा अमेरिकेने एकदा घेतला आहे. धूर कमी व्हावा म्हणून तिथे एमटीबीई नावाचे रसायन मिसळू लागले. ते गळक्या टाक्यांतून पाण्यात गेले, आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद करून जवळपास निम्म्या पाण्यावर पाणी सोडावे लागले. इथेनॉल तसे विषारी नाही आणि आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण त्यासाठी जुन्या टाक्या पुन्हा तपासायला हव्या होत्या, एवढे म्हणतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. खरे तर तोच पहिला.

अमेरिकेने १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८६ मध्ये गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून गळतीसाठी निधी उभा केला. टाकीच्या मालकाने गळतीची भरपाई करण्याची ऐपत दाखवावी लागते. पंपवाल्यासाठी हा आकडा एका घटनेमागे दहा लाख डॉलर आहे, आणि विमा किंवा राज्याचा निधी यांतून तो दाखवला जातो. आजवर पाच लाखांहून अधिक गळत्या तिथे नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक साफ झाल्या. तिथल्या टाक्या आपल्यापेक्षा वाईट होत्या असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी मोजल्या. आणि तिथली बँक पंपाची जागा तारण घेताना मातीचा अहवाल मागते, कारण कर्ज बुडाले तर सफाईसकट ती जागा आपल्या गळ्यात पडेल ही भीती तिला आहे.

आपल्याकडे पंपाला कर्ज देताना काय पाहतात? मालकी हक्काचे तीस वर्षांचे कागद, बोजा नसल्याचा दाखला, कंपनीचे पत्र, परवाने, विम्याची पॉलिसी. जमिनीच्या वर जे आहे त्याचे मूल्यांकन येते. खाली काय झिरपले आहे याचा रकाना आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही छापील फॉर्ममध्ये नव्हता. तो असता तर पंपवाल्याने स्वतःहून टाकी तपासून घेतली असती, हे आम्ही अनुभवावरून सांगतो. प्रदूषण मंडळाच्या नोटिशीला दुकानदार जेवढा भितो, त्याहून जास्त तो कर्जमर्यादेच्या नूतनीकरणाला भितो.

नव्या नियमांकडे या नजरेने पाहावे. संशयित दूषित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने सहा महिन्यांनी द्यायची. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपास करायचा, आणखी तीन महिन्यांत सविस्तर. जबाबदार कोण हे शोधायला ९० दिवस. सफाईचा खर्च जबाबदार व्यक्तीचा. ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य सरकारांनी व्यवस्था करायची. खाणकाम, किरणोत्सारी कचरा, घनकचऱ्याचे ढीग आणि समुद्रातले तेल यांना वेगळे कायदे आहेत म्हणून त्यांना यातून वगळले आहे. पंपाखालची माती या वगळलेल्यांत बसत नाही, असे आम्ही हे नियम वाचतो. हे सगळे पूर्वीपेक्षा नक्कीच चांगले. देशात शंभरावर दूषित जागा आधीच नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झाले होते जेमतेम सात ठिकाणी. त्या मानाने तारखा ठरल्या हीच प्रगती. पण जागा साफ कधी व्हावी याची मुदत मात्र घातलेली नाही. मुदत नसलेले कर्ज कसे वसूल होते, ते आम्हाला विचारा.

शिवाय तीन अधिक तीन महिन्यांचे हे घड्याळ आपल्या पावसाशी जुळत नाही. मेमध्ये तक्रार झाली आणि तपास ऑगस्टमध्ये आला, तर तोवर पाणी काही मीटर वर चढलेले असते, तवंग विस्कटलेला असतो, विहीर उपसून चवथीसाठी स्वच्छही केलेली असते. ‘आढळले नाही’ असा अहवाल येतो आणि तो खोटा नसतो. राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाई मागायची तर कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. संथ गळतीत ते ‘प्रथम’ कधी घडले हे रजिस्टर सोडून कुठेही लिहिलेले नसते. आणि रजिस्टर असते पंपवाल्याकडे.

केंद्रीय प्रदूषण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घरे, शाळा आणि दहा किंवा अधिक खाटांची इस्पितळे यांच्यापासून ५० मीटर अंतर, अडचण असेल तर जादा सुरक्षेसह किमान ३० मीटर. गळती झाली तर कळवणे आणि माती-पाणी पूर्ववत करणे ही जबाबदारीही त्यांत सांगितली आहे. हे नव्या पंपांपुरते. ज्यांच्या टाक्या तीस-चाळीस वर्षांपूर्वी पुरल्या, त्यांच्याकडे आधी पाहायला हवे.

आमच्या मते पंचायतीने मागायच्या गोष्टी फार नाहीत. पंपाच्या शेजारच्या विहिरीबद्दल लेखी तक्रार आली की त्या पंपाचे मागच्या तीन वर्षांचे स्टॉक रजिस्टर आणि डिपची नोंद आठ दिवसांत मंडळाच्या ताब्यात यावी, मातीला हात लावण्याआधी. पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी आल्याच्या तक्रारींची प्रत मंडळाकडेही जावी. टाकीची दाबाखालची चाचणी शेवटची कधी झाली ती तारीख पंपावर लावावी; हवा फुकट, पाणी फुकट अशा पाट्या लावतातच, त्यांच्याच खाली. ग्रामसभेत हे मांडायला वकील लागत नाही. पंपमालकाचा अपमान करण्याचेही कारण नाही. टाकी गळत असेल तर त्याचाही माल जातो आहे.

विहीरवाल्यांनी स्वतः करायचे ते एकच. आज पाणी चांगले आहे तोवर त्याची तपासणी करून अहवाल जपून ठेवावा, कारण उद्या ‘आधीपासूनच तसे होते’ म्हणणाऱ्याला दाखवायला दुसरे काही नसते. चार-पाच घरांनी मिळून खर्च वाटून घेतला तर परवडतो. प्रयोगशाळेला नुसते ‘पाणी तपासा’ सांगू नये. ते क्षार आणि जंतू पाहून मोकळे होतात. बेंझिन, टोल्यूइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन अशी चार नावे कागदावर लिहून द्यावीत आणि बाटल्या त्यांच्याकडूनच आणाव्यात. पहिला नमुना मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी तळाला असताना घ्यावा. दुसरा सप्टेंबरात.